कचरा गाडीवाले आजोबा

नातवंडांकडे जाऊन आलो. ८६ दिवस. व्हिसावर ९० मिळतात, पण मुलगा म्हणाला बाबा शेवटच्या दिवसापर्यंत ताणायचं नाही, एखादी फ्लाइट कॅन्सल झाली तर उगाच झंझट, म्हणून चार दिवस तिथेच सोडून आलो. आमच्या हिला ते चार दिवस अजून टोचतात.

मुलगा-सून जर्मनीत, श्टुटगार्टला. आम्ही इंदूरला, लोकमान्य नगरात. मी बँकेतून रिटायर होऊन आता नऊ वर्षं झाली. नातवंडं दोन. पोरांची नावं इंटरनेटवर लिहायची नाहीत अशी सूनबाईची सक्त ताकीद आहे, तर मोठीला चिऊ म्हणू, वय सात, आणि धाकट्याला काऊ, वय साडेतीन. काऊला काऊ का म्हटलं ते पुढे कळेलच.

व्हिसाची कथा थोडक्यात उरकतो. अवंतिका एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो, ९० युरो फी भरली, ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स कंपल्सरी तो काढला, मुलानं पाठवलेले कागद दिले, बोटांचे ठसे दिले. हिचे ठसे काही केल्या उमटेनात. मशीनवरच्या मुलीनं चार वेळा हात पुसायला लावले, तेव्हा ही तिला म्हणाली, "अगं चाळीस वर्षं पोळ्या केल्यावर बोटांवर काय उरणार?" पाचव्यांदा उमटले. झालं.

खरी रडारड बॅग भरताना. युरोपात बाहेरून दुधा-तुपाचं काही नेता येत नाही. म्हणजे घरचं तूप नाही, पेढे नाही, श्रीखंडाच्या वड्या नाही. आंबा पण नाही, आणि आम्ही निघालो होतो मेच्या मध्यात! ही दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, जसा काही तो कायदा मीच करून आलो होतो. मग तुपाची जागा भरायला लौंग सेव, पोहे, साबुदाणा, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आणि जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला. जिरावन पाच पिशव्यांत एकात एक घातलं होतं, तरी तिकडे बॅग उघडली तर माझे मोजे सराफ्यातून, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून, फिरून आल्यासारखे.

आता मूळ मुद्दा. काऊची आणि माझी ओळख फोनवरची. तो दीड वर्षाचा होता तेव्हा एकदाच इंदूरला आला होता, त्यातलं त्याला काय आठवणार. बाकी सगळं व्हिडिओ कॉल. ज्यांची पोरं तिकडे आहेत त्यांना सांगायला नको, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळं मागे करतात की साडेचार, त्या आठवड्यात हमखास एक कॉल चुकतो. त्यांच्या संध्याकाळचे सहा म्हणजे आमचे साडेनऊ, थंडीत साडेदहा, तोवर ही सोफ्यावर पेंगायला लागते. आणि बोलायचं तरी काय हो रोज? जेवलास का, काय खाल्लंस, आजीला पापी दे. पोरगं दोन मिनिटांत उठून पळतं आणि आपण सीलिंग बघत बसतो.

एक दिवस सकाळी मी गॅलरीत चहा घेत होतो आणि मुलाला बाहेरच्या गुलमोहराचा व्हिडिओ पाठवायला म्हणून मोबाइल धरला, तेवढ्यात नगर निगमची कचरा गाडी आली, गाणं वाजवत. इंदूरचा माणूस घड्याळ नंतर बघतो, आधी ते गाणं ऐकतो. तर व्हिडिओत गुलमोहर राहिला बाजूला, गाडीच आली सगळी. शेजारच्या काकू धावत डबे घेऊन उतरल्या, ओला इकडे, सुका तिकडे, सॅनिटरीचं वेगळं. पाठवून दिला. संध्याकाळी मुलाचा फोन, बाबा काय पाठवलंत हे, काऊनं एकोणीस वेळा बघितलं, अजून एक पाठवा!

तेव्हापासून वर्षभर माझी ड्यूटी लागली. आमच्याकडे गाडी आठला येते, तेव्हा त्यांच्याकडे पहाटेचे साडेचार, म्हणून लाइव्ह दाखवता येत नाही, रेकॉर्ड करून ठेवायचं. गाडीवाले भिया सुरुवातीला वैतागले, त्यांना वाटलं मी कम्प्लेंट करायला शूटिंग करतोय. सांगितलं तेव्हा हसले, आणि मग रोज कॅमेऱ्याकडे बघून हात करायला लागले. कधी लिफ्टरचा डबा मुद्दाम दोनदा वर-खाली करून दाखवायचे. तिकडे हे चिरंजीव टॅबलेटला हात हलवून उत्तर देणार. ही म्हणायची, नातू तुमच्यापेक्षा त्या भियाला जास्त ओळखतो.

खरंच होतं. कारण फ्रँकफुर्टला उतरून, पुढे ट्रेननं सव्वा तास करून घरी पोचलो तर काऊ आईच्या पायामागे. चिऊ येऊन गळ्यात पडली, हा नाही. बोलणार नाही, बघणार नाही. हिनं हात पुढे केला तर सोफ्याखाली. आणि थोड्या वेळानं आतल्या खोलीतून माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल! काऊ. "आजोबा, तू काय करतोस?" मी किचनमध्ये, तो बेडरूममध्ये, मध्ये एक भिंत. मी म्हटलं चहा पितोय. म्हणाला, "मला दाखव." कप दाखवला. दोन दिवस हाच कारभार. समोर आलो की मूग गिळून बसणार, आणि आत जाऊन फोनवर गप्पा हाणणार. मुलगा म्हणाला बाबा मनावर घेऊ नका. मी कुठे घेतलं होतं मनावर, पण ही रात्री डोळे पुसत होती ते मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याचा ट्रक आला. नारिंगी, अगडबंब, मागे दोघं उभे राहून येतात. ते डबे गडगड ओढत आणतात, ट्रकच्या मागच्या हातात अडकवतात, तो हात डबा उचलून उलटा करतो आणि दोन हिसके देतो, ठक ठक. मी खिडकीत उभा होतो, मला स्वतःलाच बघायचं होतं. मागून पावलं वाजली. काऊ स्टूल ओढत आणत होता. माझ्याशेजारी लावलं, वर चढला, तोल सांभाळायला माझं बोट धरलं, आणि काचेला नाक लावून त्या ट्रककडे बघत मोठ्यानं गायला लागला. आमच्या गाडीचं गाणं! वर्षभर ऐकून पाठ झालेलं, अर्धे शब्द चुकीचे, चाल एकदम बरोबर. ट्रक वळून दिसेनासा होईपर्यंत गात होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्या गाडीला गाणं नाही. मी म्हणतो."

त्यानंतर बोट सुटलं नाही.

आता लोकांना वाटेल आजोबा नातवाला कचरा शिकवायला जर्मनीला गेले. मी नेलं होतं हो सगळं, रामरक्षा नेली होती, मनाचे श्लोक नेले होते, चित्रांचं अंकलिपीचं पुस्तक नेलं होतं. चिऊनं त्यातले चार श्लोक पाठ केले पण. पण काऊला हवी फक्त कचऱ्याची गोष्ट. मी रीतसर चिऊ-काऊची सुरू केली, काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, मोठा पाऊस आला, काऊचं घर गेलं वाहून. त्यानं थांबवलं. "शेण बायो ना? मग ब्राउन डब्यात टाकायचं." तिथे ओल्या कचऱ्याचा डबा ब्राउन असतो, कागदाचा वेगळा, पॅकिंगच्या प्लॅस्टिकचा वेगळा, उरल्यासुरल्याचा वेगळा, आणि कुठला डबा कधी उचलणार त्याचं अख्ख्या वर्षाचं कॅलेंडर फ्रिजवर लावलेलं. पोराला वारांची नावं धड येत नाहीत, पण उद्या ब्राउन आहे हे माहीत.

मग मी देवगुराडियाची गोष्ट रचली. केळ्याचं साल होतं. ते लोकमान्य नगरातून छोट्या गाडीत बसलं, मग मोठ्या ट्रकमध्ये, मग गेलं देवगुराडियाला. तिथे पूर्वी कचऱ्याचे डोंगर होते, आम्ही त्या बाजूनं जाताना नाक दाबून जायचो. आता तिथे बायोगॅसचा कारखाना आहे, २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा खाऊ शकतो (हा आकडा त्याला फार आवडायचा, "पाश्शेपन्नास!" असं ओरडायचा). सालाचं तिथे पोटात गेल्यावर काय होतं, गॅस होतो. तो गॅस सिटी बसमध्ये भरतात. बस निघाली राजवाड्याला. बसमध्ये कोण बसलं? आजी! आजी कुठे चालली? जिरावन आणायला. ही एकच गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, मोजलं नाही. साल बदलायचं फक्त, कधी केळ्याचं, कधी दुधीचं, एकदा त्याच्या हट्टापायी डायपरचं पण करून पाहिलं, तर चिऊनंच दुरुस्त केलं की डायपर ओल्यात जात नाही.

झोपायच्या वेळेवरून मात्र माझं जमलं नाही. तिकडे जूनमध्ये साडेनऊला सूर्य मावळतो आणि ही पोरं साडेसातला झोपवायची! बाहेर लख्ख ऊन, पडदे ओढायचे, आणि गुड नाइट. आमच्याकडे त्या वयाची पोरं रात्री दहाला सराफ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, मागत असतात. एकदा मी गोष्ट लांबवली सव्वाआठपर्यंत. सकाळी काऊ किरकिर करत उठला, बूट घालीना, बालवाडीला उशीर, सुनेची मीटिंग गेली. ती काही बोलली नाही. पुण्याची आहे, पण बोलली नाही हे सांगायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गोष्टीला बसलो तर माझ्यासमोर टेबलक्लॉक आणून ठेवलं, इतकंच.

हिशोब केला तर पोरं आमच्या वाट्याला यायची चार ते साडेसात. साडेतीन तास. एवढ्या लांब येऊन पुन्हा साडेतीनच! जूनमध्ये दोन आठवडे शाळेला सुट्टी होती ती सोडली तर बाकी दिवसभर आम्ही दोघं घरात, ती भाजी चिरते, मी खिडकीत. हे कोणी आधी सांगत नाही. सगळे म्हणतात व्वा, नातवंडांकडे चाललात, मजा आहे.

चिऊ शाळेत एकटी जाते, चालत. सात वर्षांची! तिथे बहुतेक सगळी पोरं तशीच जातात. पहिल्या सोमवारी माझ्यानं राहवलं नाही, मागून पन्नास पावलं ठेवून गेलो, गाडीच्या आड उभा राहत. सिग्नलला ती वळली आणि सरळ माझ्याकडे चालत आली. "आजोबा, तू मला फॉलो करतोयस?" मी म्हटलं नाही गं, मी तर फिरून राहिलोय. तर म्हणे, "फिरून राहिलोय नाही, फिरतोय." आमचं इंदुरी मराठी आईनं सुधारायचं ते लेकीनं सुधारलं. संध्याकाळी ती घरात सांगत सुटली, आणि सूनबाई तोंडाला पदर नाही म्हणून लॅपटॉप लावून हसत होती.

आता हिची गोष्ट. श्टुटगार्टला एक भानगड असते, केअरवोखे. म्हणजे झाडायचा आठवडा. बिल्डिंगमध्ये पाळी लावलेली, ज्याचा आठवडा त्याच्या दाराला एक पाटी लटकते, त्यानं जिना झाडून पुसून काढायचा, कोणाकोणाकडे पुढचा फुटपाथपण. याची मुळं म्हणे पंधराव्या शतकातल्या फर्मानात आहेत. मुलगा-सून त्या पाटीला भुतासारखं घाबरतात. पाटी आमच्या दारावर आली आणि हिला माहेर भेटल्यासारखं झालं! २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मिळवलेल्या शहराची बाई, त्यात जन्मभर अंगण झाडलेली, तिनं पदर खोचला आणि तीन मजले असे काढले की खालच्या मजल्यावरची म्हातारी बाई, जी आजवर मुलाला कोपरे राहिले म्हणून बोलून दाखवायची, ती कठड्यावरून बोट फिरवून बघून गेली आणि बोटाला काही लागलं नाही.

इथेच थांबायचं की नाही? नाही. झाडून झाल्यावर हिनं आमच्या दारापुढे रांगोळी घातली. छोटीच, कमळ, चार पाकळ्यांचं. रांगोळी बॅगेत कधी घातली होती देवाला माहीत. मी म्हटलं अगं ही माणसं पांढरी पावडर बघून पोलिसांना बोलावतील. पोलीस आले नाहीत. पण रविवारी संध्याकाळी पाटी खालच्या आजींकडे गेली, आणि सोमवारी सकाळी त्या झाडू घेऊन वर आल्या, रांगोळीपाशी थांबल्या, बेल वाजवली. चिऊ दुभाषी. त्या विचारत होत्या, आता आठवडा माझा आहे, तर हे मी झाडायचं का नाही? हिनं हातानंच सांगितलं, झाडा, हरकत नाही, रोज नवीन काढतात. त्या बराच वेळ कमळाकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी कमळाच्या भोवतीनं झाडलं. पाकळीला पाकळी सोडून, झाडूच्या टोकानं. अख्खा आठवडा ते कमळ तिथे होतं, हळूहळू फिकट होत, आणि आम्ही सहाही जण त्याला ओलांडून जात होतो.

त्याच आजींनी मला मात्र झापलं. रविवारी दुपारी काऊला घेऊन मी काचेच्या बाटल्या टाकायला गेलो. कोपऱ्यावर मोठे कंटेनर असतात, पांढरी काच, हिरवी काच, ब्राउन काच वेगवेगळी. काऊनं लोणच्याची बरणी टाकली, खळ्ळ! तो खूष, मी खूष. तिसऱ्या बाटलीला वरची एक खिडकी उघडली आणि जर्मनमधून जे काही बाहेर आलं त्यातला एकही शब्द मला कळला नाही पण अर्थ पूर्ण कळला. रविवारी आवाज करायचा नाही, बाटल्या टाकायच्या नाहीत. घरी चिऊला विचारलं, ती म्हणाली, "रविवारी बाटल्या पण झोपतात, आजोबा." उरलेल्या बाटल्या सोमवारपर्यंत किचनमध्ये झोपवल्या.

प्लॅस्टिकच्या बाटल्यांचं वेगळंच, त्यावर २५ सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते, पैसे परत. काऊ त्याचा एक्सपर्ट. मी त्याला आमच्या अटाला-रद्दीवाल्याचं सांगितलं, तो घरी येतो, काट्यावर तोलतो आणि घासाघीस करतो. त्याचा विश्वास बसला नाही. मशीन घासाघीस कसं करेल?

एकदा सगळे दातेरी चाकाच्या आगगाडीत बसलो. मारिएनप्लाट्झहून डेगरलोखला चढते, रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी, त्यात गाडीचं चाक अडकून वर जातं, पुढे सायकलींसाठी एक उघडा डबा. १८८४ पासून आहे. मी त्यांना पातालपानी-कालाकुंडचं सांगायला लागलो, ती मीटर गेजची गाडी, बोगदे, धबधबा, पण काऊचं लक्ष चढावर उभ्या असलेल्या कचऱ्याच्या ट्रककडे. सोडून दिलं.

निघायच्या दिवशी फार काही झालं नाही. चिऊ रडली, काऊ रडला नाही, त्याला ट्रेन बघायची होती. ही तर सिक्युरिटी चेकिंगपर्यंत कोरडी होती, तिथे बॅगेतून मेतकुटाची रिकामी बरणी निघाली, त्यात काऊनं त्याचे दोन खडे भरून ठेवले होते, एक पांढरा एक ब्राउन, आणि मग मशीनवरच्या माणसालाच हिला पाणी आणून द्यावं लागलं.

इंदूरला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गाणं आलं. डबे घेऊन उतरलो. गाडीवाले भिया म्हणाले, "कहाँ थे साहब इतने दिन, मैं तो रोज ऊपर हाथ करता था, कोई दिखता ही नहीं था." मी मोबाइल काढला आणि तिकडच्या ट्रकचा व्हिडिओ दाखवला, खिडकीतून घेतलेला. ते गाडी बंद न करता, गाणं चालू ठेवून, मान वाकडी करून बघत होते. डबा वर गेला, ठक ठक, खाली आला. परत लावायला सांगितलं. परत बघितलं. मागच्या काकू डबा धरून खोळंबल्या होत्या.

"गाड़ी तो जबरदस्त है," भिया म्हणाले. "पण इसमें गाना नहीं बजता क्या?"

"बजता है," मी म्हटलं, आणि व्हिडिओचा आवाज वाढवून मोबाइल त्यांच्या कानाला लावला.